सोमवारची घंटी

रायपूरला तेलीबांध्याच्या तलावासमोर अच्युतचं कॅफे होतं, आणि दर सोमवारी शटर अर्ध्यावर असतानाच तिथे परीक्षा व्हायची. काउंटरवरची पितळी घंटी पुढ्यात घेऊन अच्युत बसायचा. एकेकाने समोर येऊन मेनूकार्ड मोठ्याने वाचायचं. उच्चार चुकला की टिंग, आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "फिर से." जो म्हणणार नाही त्याचा नंबर पुढचा. म्हणून आधी सगळे भीतीने म्हणत. महिन्याभरात मजेने म्हणू लागले.

अच्युत पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला होता. गिऱ्हाईक पदार्थ नंतर खातं, आधी त्याचं नाव ऐकतं, असं तो सांगे.

गंधाली तिथे सात महिन्यांपूर्वी लागली. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाल्यावर वर्षभर घरी बसलेली, आणि आता कॅफेच्या किचनच्या स्वच्छतेची तपासणी तिच्याकडे. ही नोकरी प्रेमलाकाकूंनी लावून दिली होती. काकू गुढियारीत तिच्याच गल्लीत राहत आणि तीन वर्षांपासून कॅफेच्या भट्टीवर मैदा मळून पाव भाजत होत्या. "पोट्टी हुशार आहे, भैया," असं त्यांनी अच्युतला तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्याने गंधालीला बोलावलं.

त्या कामानेच काकूंना दम लागू लागला होता. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. गंधालीने चार आठवडे लक्ष ठेवलं. रविवारच्या सुट्टीत संध्याकाळपर्यंत शिट्टी थांबे, सोमवारी दुपारी पुन्हा सुरू होई. मैद्याची धूळ, तिने निदान केलं. डॉक्टरही तेच म्हणाले. पिठापासून दूर राहा, नाहीतर पुढे श्वासाच्या पंपाचाही उपयोग व्हायचा नाही.

पिठापासून दूर अशी कॅफेत एकच जागा होती, काउंटर. तिथली सोनिया लग्न होऊन गेली, तेव्हा काकूंनी अच्युतला विचारलं. तो हो म्हणाला. एका सोमवारी घंटी न वाजता अख्खं कार्ड वाचून दाखवा, काउंटर तुमचा.

शिकवायचं गंधालीने अंगावर घेतलं. दोन आठवडे ती रोज संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर बसली. तिने काम आपल्या पद्धतीने केलं. एकेक नाव त्या-त्या देशातल्या नऊ माणसांच्या तोंडून मोबाइलवर ऐकलं आणि मग देवनागरीत कार्डावर उतरवलं. ब्रुस्केटापाशी काकू अडल्या. भाजलेल्या पावावर टमाटर घालून त्या रोज तेच बनवत, पण भैया तर त्याला ब्रुशेटा म्हणतात.

"भैया चुकीचं म्हणतात," गंधाली म्हणाली. "नऊच्या नऊ जण ब्रुस्केटा म्हणाले."

"पण घंटी तर भैयाच वाजवते ना?"

बरोबर ते बरोबर, विचारणारा कोणी का असेना, असं गंधालीने त्यांना समजावलं. काकूंनी मान डोलावली. शिकलेली पोट्टी सांगून राहिली, तर तसंच असेल.

परीक्षेच्या सोमवारी काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. बावीस नावं सरळ गेली. क्रोसाँ गेलं, न्योकी गेलं. मग त्या म्हणाल्या, "ब्रुस्केटा."

टिंग.

"फिर से."

काकूंनी पुन्हा तेच म्हटलं, जास्त स्पष्ट. टिंग. अच्युतने हसून विचारलं, हे बिस्कुटासारखं काय आणलं, काकू, गुढियारीचं आहे का? सगळे हसले.

"गंधालीनं सांगितलं," काकू म्हणाल्या. "तिकडे असंच म्हणतात म्हणे."

अच्युतने गंधालीकडे पाहिलं. नवा रायपूरला नवी शाखा उघडायची होती, आणि तिथली मॅनेजर म्हणून त्याने आठवड्यापूर्वीच तिचं नाव काढलं होतं. गंधालीच्या कानात नऊ आवाज होते. चारचौघांत अच्युतला खोडून काढणाऱ्याचं काय होतं, हेही तिने पाहिलं होतं.

"मी ब्रुशेटाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "काकूंच्या ध्यानात राहिलं नसेल."

काकूंनी कार्डावरचं गंधालीचं अक्षर पाहिलं. "हव," त्या म्हणाल्या. "माह्याच ध्यानात नसन राहिलं." आणि साडीवर अॅप्रन बांधून भट्टीकडे गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी कार्ड गंधालीपुढे धरलं. "याच्यावर भैयाचं लिहून दे." गंधालीने एक शब्द खोडला आणि वर ब्रुशेटा लिहिलं.

काकूंना पुन्हा संधी मिळायला दोन महिने गेले. काउंटरची जागा अजून रिकामीच होती. त्या सोमवारच्या दोन दिवस आधी, मिलानमध्ये राहून आलेल्या एका बाईंनी भरल्या टेबलावर अच्युतला अगदी हळू आवाजात सांगितलं की शब्द ब्रुस्केटा आहे. तो मोठ्याने हसला, त्याचे कान लाल झाले. तासाभरात बाहेर टेबलांवर वाढणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, यापुढे ब्रुस्केटा. किचनची माणसं त्या ग्रुपवर नव्हती.

होणारी मॅनेजर म्हणून गंधाली तेवढी होती. तिने मेसेज वाचला. रविवारी ती काकूंकडे गेली, चहा घेतला. काकूंनी मध्येमध्ये थांबून, दम खाऊन, अख्खं कार्ड दोनदा म्हणून दाखवलं. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द सांगायचा, तर पहिल्या वेळी खोटं कोण बोललं तेही कबूल करावं लागलं असतं. गंधालीने त्यांचं न्योकी थोडं सुधारलं आणि घरी गेली.

सोमवारी अच्युतने घंटी तिच्याकडे सरकवली. मॅनेजर होणार आहेस, सवय कर, म्हणाला, आणि मागे टेकून बसला.

काकूंनी वाचायला सुरुवात केली. बावीस नावं सरळ गेली.

"ब्रुशेटा."

अच्युतची नजर गंधालीच्या हातावर होती. टिंग.

"फिर से," सगळे म्हणाले.

काकूंनी गंधालीकडे पाहिलं. मग कार्डावर जसं लिहिलं होतं तसं, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी पुन्हा म्हटलं. "ब्रु. शे. टा." दम लागला म्हणून त्या थांबल्या, आणि त्या शांततेत शिट्टी ऐकू आली. सकाळचे साडेनऊ. अजून त्यांनी पिठाला हातही लावला नव्हता. म्हणजे आता रविवारची सुट्टीही पुरत नाही, हे गंधालीच्या लक्षात आलं, आणि तिने घंटी वाजवली.