सीट कव्हराखालचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. गाडीच्या मागच्या सीटवरचा, चालकाच्या बरोबर पाठीमागे बसणाऱ्याचा सीटबेल्ट. पुढच्या सीटवरच्या माझ्या भावंडांना निदान रोज माणसाचा हात लागतो. माझ्या नशिबी तेही नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो धागे विणून मला घडवलं आणि लगेच परीक्षेला बसवलं. यंत्राने दोन्ही टोकांना धरून मला असं ताणलं की दुसरं कुणी असतं तर चिंध्या झाल्या असत्या. शेवटच्या टेबलावर तपासणीला एक बाई होती. ती आधी आम्हाला हळू ओढायची, मग एकदम हिसका द्यायची. हळू ओढलं की सुटत जायचं, हिसका बसला की जागच्या जागी घट्ट धरायचं, एवढंच आमचं शिक्षण. मी पहिल्याच हिसक्याला पास झालो. "हा कुणाचा तरी जीव वाचवणार बघ," ती शेजारणीला म्हणाली. दिवसातून पन्नासदा म्हणत असेल, पण मी ते मनावर घेतलं.

आमची गाडी ज्यांनी घेतली त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. तरुणपणी ते मोटारींच्या शर्यतीत उतरायचे. पुढे ड्रायव्हिंग स्कूल काढली आणि अर्ध्या गावाला गाडी शिकवली. स्वतःचा पट्टा लावल्याशिवाय ते किल्ली फिरवत नसत. शर्यतीची सवय अंगात मुरलेली.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात त्यांनी सीटना नवी कव्हरं घालायला दिली. गुडघ्यावर बसून काम करता करता कारागिराने विचारलं, "मास्तर, मागचे पट्टे बाहेर काढायला चिरा द्याव्या लागतील. देऊ का?"

"कशाला? कव्हर खराब दिसेल. मागे बसून कोण पट्टा लावतंय?"

त्याने मला गुंडाळून खाली दाबलं आणि वरून कव्हर ताणून बसवलं. मग अंधारच अंधार. सात वर्षं. फक्त वरचं बोलणं तेवढं ऐकू यायचं.

बोलणं मात्र भरपूर होतं. मास्तरांची लेक शहरातल्या हवेचं प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती पुढे बसली की बापलेकीची जुंपायचीच.

"बाबा, सिग्नलला तरी इंजिन बंद करा."

"अगं, इंजिनाचा आवाज म्हणजे गाडीचा श्वास."

"तुमच्या गाडीच्या श्वासापायी लोकांचे श्वास कोंडतात त्याचं काय?"

मागे, माझ्यावर, अक्का बसायच्या. मास्तरांच्या थोरल्या बहीण. आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते; अक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं. भावाच्या एकूण एक शर्यतीला त्या गेल्या आणि एकही पाहिली नाही. "डोळे घट्ट मिटून बसायचे," त्या सांगायच्या, "आणि इंजिनं थांबली की शेजारणीला विचारायचे, आमचा बाळ्या उभा आहे ना गं?"

त्या सकाळी तिघं अक्कांचे डोळे तपासून घ्यायला निघाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरायचं होतं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी लेक मागे वळली. "आत्या, पट्टा लाव हं. आता मागच्यांनीही लावायचा असतो."

अक्का शोधू लागल्या. त्यांची बोटं सीटच्या फटीत शिरली, कव्हराच्या शिवणीवरून फिरली, नेमकी माझ्यावर येऊन थांबली. मध्ये फक्त एक कापड. "इथे काहीतरी कडक लागतंय गं. बाळ्या, तो पट्टा बाहेर कसा काढायचा?"

"मागे कशाला हवाय, अक्का? मी चालवतोय ना!"

"हो रे बाबा, तू चालवतोयस म्हणून तर विचारतेय," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. मास्तरही हसले. बोटं निघून गेली.

पुढे वळणापलीकडे एक मालट्रक टायर फुटून रस्त्यातच उभा होता. मागे ना दगड ठेवलेला, ना फांदी. ताशी साठची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर मास्तर ऐंशीने जात होते आणि विजेच्या गाड्यांत दम कसा नसतो ते लेकीला पटवून देत होते. ट्रक दिसताच त्यांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ राखली, जाणत्या चालकाने जे जे करावं ते सगळं केलं. आदळताना वेग उरला होता फक्त चाळीस. शर्यतीच्या ट्रॅकवर या वेगाला ते पायी चालणं म्हणायचे.

हिसका बसला. पुढच्या दोन्ही पट्ट्यांनी आपापली माणसं धरली. मीही जागच्या जागी घट्ट झालो, शिकवल्याप्रमाणे. माझ्या मिठीत कुणीच नव्हतं.

अक्का पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळल्या. त्या तिथेच गेल्या.

दीड महिन्याने मास्तर भंगारच्या आवारात आले, गाडीतले कागद न्यायला. सोबत लेक होती. मास्तरांच्या छातीला अजून पट्टी, चालणं वाकलेलं. कागद सापडले तरी ते गेले नाहीत. मागचं दार खेचून उघडलं, भंगारवाल्याकडून सुरी मागून घेतली आणि कव्हर फाडलं.

सात वर्षांनी मला उजेड दिसला. त्यांनी मला ओढलं. मी अलगद, न अडकता, पुरा बाहेर आलो.

"किती सहज येतोय," ते म्हणाले. मग अक्कांच्या जागेवर बसले, मला छातीवरून घेतलं आणि अडकवलं. खट्. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालातरी धरलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, समोरून काहीच लागलेलं नाही," ते लेकीला म्हणाले. "माझ्या बरगड्या मागून मोडल्यात. अक्काच्या धक्क्याने."

लेक दाराला धरून उभी होती. "बाबा, ती पट्टा शोधत होती."

"ऐकलं होतं मी."

तिने त्यांची समजूत घातली नाही. तिची नजर गाडीखाली होती, तिथे काळं तेल ठिबकून माती चिकट झाली होती.

"साहेब, उतरता का? गाडी दाबायला घ्यायचीय," भंगारवाल्याने हाक मारली.

मास्तरांना मला सोडवता येईना. बोटं बटणाभोवतीच फिरत राहिली. शेवटी लेकीने आत वाकून बटण दाबलं आणि मी माझा मी गुंडाळून आत गेलो.

आता यंत्र शेजारच्या गाडीपर्यंत आलंय. पत्र्याचं काहीतरी होईल. माझा धागा कुजत नाही, तो कुठल्यातरी ढिगाऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहील. त्याचं दुःख नाही. एवढंच सांगायचंय. तुमच्या गाडीतही मागच्या सीटवर माझं कुणीतरी असेल. तुमची आई, आत्या, लेक तिथे बसते. आज घरी गेलात की सीटच्या फटीत एकदा हात घालून बघा. कापड आडवं आलं तर फाडा. कव्हर खराब दिसेल. दिसू द्या.