द्यायचं राहून गेलं

औशाच्या बसस्टँडसमोर मल्लिनाथअप्पांचं फरसाणचं दुकान आहे. पाटीवर नाव त्यांचं, पण चव बायकोची, मंजुश्रीची. चिवड्याची चिमूट जिभेवर टाकली की मीठ कमी का जास्त हे तिला लगेच कळायचं. चव बघता बघता वर्षं गेली आणि तिचं अंग चांगलंच भरलं. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते नांदेडला, डॉक्टरांच्या खोलीत.

तिचा धाकटा भाऊ वीरेश लातूरला मोटार रिवायंडिंगचं काम करायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस चालू होतं. आईचं वय झालेलं, बायको शिवकांताचा रक्तगट जुळेना. मंजुश्रीचा जुळला. कुणी विचारायच्या आधीच ती म्हणाली होती, "माझी घ्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवले. "ताई, तुमची तयारी आहे, पण शरीराची नाही. वजन फार आहे, साखर काठावर आहे. आज घेतली तर एकाचे दोन पेशंट होतील. पंधरा किलो कमी करून या, मग बघू."

परतीच्या बसमध्ये वीरेश हसला. "अक्का, पंधरा किलो म्हणजे तेलाचा एक डबा गं."

तिला हसू आलं नाही. डबा उचलून बाजूला ठेवता येतो.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आत किल्ल्याच्या बाजूनं चालायला लागली. साडीखाली मल्लिनाथअप्पांचे जुने बूट. दूधवाले बघायचे, ओळखीच्या बाया विचारायच्या, "कुठं निघालाव वहिनी, एवढ्या बिगीनं?" ती हात हलवून पुढं जायची. जेवणात अर्धी ज्वारीची भाकरी, बिनतेलाची पालेभाजी, वाटीभर वरण. दुकानात चव बघायचं काम अप्पांकडं गेलं. महिनाभर औशात खारट शेव विकली गेली आणि गिऱ्हाईकं तोंड वाकडं करून गेली. अप्पा कुरकुरले नाहीत.

सुरुवातीला काटा भराभर उतरला. मग एकदम अडला. श्रावणात शेजारच्या घरची साबुदाण्याची खिचडी आली, पंचमीला पुरणाची दिंडं झाली. एका सकाळी पाय दुखतात म्हणून ती गेली नाही, दुसऱ्या दिवशी पाऊस होता, तिसऱ्या दिवशी कारणही लागलं नाही. रोज संध्याकाळी शिवकांताचा फोन यायचा. "अक्का, किती झालं वजन?" पुढं पुढं फोन वाजला की मंजुश्री हात पिठात घालून बसायची आणि अप्पांना उचलायला लावायची.

वीरेशनं काही विचारलं नाही. एका शनिवारी तो बसनं औशाला आला आणि मुक्कामाला राहिला. पहाटे त्यानंच तिला उठवलं. "चल, मी बी येतो."

"तुला झेपायचं न्हाई रे."

"बघू की."

तो रस्त्यावरच्या पुलापर्यंतही नीट पोचला नाही. छाती भात्यासारखी हलत होती. कठड्यावर टेकला आणि म्हणाला, "तू जा पुढं. मी बसतो हितं."

ती वळसा घालून परत आली तेव्हा तो तिथंच बसला होता. खिशातून स्टीलची एवढीशी डबी काढून त्यानं बर्फाचा तुकडा तोंडात टाकला.

"हे काय?"

"पाणी. डॉक्टरनं लई पिऊ नको म्हणलंय, दिवसाला मोजून देते शिवकांता. नुसतं प्यालो तर एका घोटात संपतं. बर्फ केला की लई वेळ पुरतो." तो तुकडा गालात फिरवत राहिला. "रात्री स्वप्न बी पाण्याचीच पडायलेत. आपल्या शेताकडचा हौद हाय न, त्यात तोंड घालून पितो. प्यायलो, प्यायलो, तरी तहान जात न्हाई."

मंजुश्री त्याच्याशेजारी कठड्यावर टेकली.

"तू उपाशी, मी तहानलेला," तो म्हणाला. "आपल्या दोघांना लग्नाचं आवतन कुणी देणार न्हाई बघ."

मग दोघंही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यानंतर ती चुकली नाही. कढईतून गरम भजी निथळताना तोंडाला पाणी सुटलं की तिला ती डबी दिसायची. ती बाहेर जाऊन उभी राहायची, वास सरला की आत यायची. पायाच्या बोटांना फोड आले, तिनं पट्ट्या बांधल्या. ब्लाऊज दोनदा आत घ्यावे लागले. शिवकांताला ती आता स्वतःहून फोन करायची. दिवाळी झाली आणि नांदेडच्या डॉक्टरांनी काट्याकडं, मग तिच्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही करून दाखवलंत." साखरही उतरली होती. पुढच्या तपासण्या जुळल्या. आता फक्त अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची तारीख मिळायची होती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वीरेश काचेला डोकं टेकून अहमदपूरपर्यंत झोपला. जागा झाला तेव्हा म्हणाला, "ऑपरेशन झालं की पहिला आख्खा तांब्या पिणार. मधी कुणी बोलायचं न्हाई."

तारीख मिळायच्या आधी त्याला ताप आला. थंडी वाजून आला. डायलिसिसच्या नळीतून रक्तात जंतू गेले, असं लातूरच्या दवाखान्यात सांगितलं. मंजुश्री पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. तिनं हात धरला, त्यानं बोटं दाबली. रविवारी दुपारी तो गेला.

घरी त्याला लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार. जंगम स्वामी आले होते. बायका मंजुश्रीला धरून आत आणत होत्या. शिवकांतानं मान वर केली. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "श्रावणात तुम्ही थांबला नसता तर, अक्का. तेवढंच कमी पडलं."

कुणीतरी शिवकांताला "असं बोलू नये माय" म्हणालं. मंजुश्री भावाच्या पायाशी बसली आणि दफनाला उचलेपर्यंत तिथून हलली नाही.

पंधरवडा झाला असेल. दुकानात असताना तिचा फोन वाजला. पलीकडं नांदेडच्या हॉस्पिटलातली मुलगी होती, आवाज खुशीतला. "मॅडम, कमिटीची तारीख मिळाली. पेशंटला घेऊन येताल ना?"

"पेशंट गेले, बाळा," मंजुश्री म्हणाली.

"सॉरी" म्हणताना त्या मुलीचाच आवाज कापला आणि मंजुश्रीलाच तिची समजूत घालावी लागली.

सगळ्यांत वाईट होती ती कौतुकं. कारण माहीत नसलेल्या बाया दुकानात थांबायच्या. "अगं बया, किती बारीक झालाव! काय खाता? आम्हाला बी सांगा की." ती शेव कागदात बांधत राहायची. रात्री अंगावरून हात फिरवला की डाव्या कुशीला तो थांबायचा. आत ती किडनी जागच्या जागीच होती. धडधाकट, कुणालाच नको असलेली.

महिन्याभरानं शिवकांताचा फोन आला. "अक्का, फ्रिजमध्ये त्यांची इंजेक्शनं राहिलीत. डायलिसिसवाल्यांना दिली तर कुणाला तरी कामाला येतील. मला एकटीला जाववत न्हाई."

मंजुश्री दुपारच्या बसनं लातूरला गेली. दवाखान्याच्या जिन्यापाशी शिवकांताचे पाय थांबले. इंजेक्शनांचा डबा मंजुश्रीच्या हातात देऊन ती बाकावर बसली. मंजुश्री एकटी आत गेली. खिडकीजवळच्या वीरेशच्या पलंगावर आता एक पोरगेला माणूस होता, मोबाइलवर काहीतरी बघत होता. सिस्टरांनी इंजेक्शनं घेतली, तारखा तपासल्या आणि म्हणाल्या, "सर फार हसवायचे आम्हाला."

बाहेर येऊन ती शिवकांताशेजारी बसली.

"त्या दिवशी मी बोलले ते..." शिवकांता म्हणाली.

"मला बी रोज तेच वाटतं."

"तसं न्हवं. डॉक्टरला विचारलं मी नंतर. ते म्हणले, ताप कधीबी आला असता. सांगता येत न्हाई म्हणले."

"सांगता येत न्हाई, म्हणजे आला नसता असं बी असंल."

समोरून चाकाच्या खुर्चीतून एक म्हातारी गेली, मागं तिचा मुलगा. दोघी बघत राहिल्या. मग शिवकांतानं नणंदेचा हात आपल्या मांडीवर घेतला. दवाखान्याची वेळ संपली, वॉचमन येऊन उभा राहिला, तरी दोघींपैकी कुणी उठेना.