जीव परत बोलावणारी भातवाढी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी भातवाढी. एका कडेला करपलेली, दांड्याशी चिरलेली. पण आमच्या झोपडीत माझ्याइतका मान कुणालाच नाही. भात वाढणं हे माझं अर्धंच काम. ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या आम्हा कारेन लोकांत माणूस फार घाबरला, की त्याचा क्ला, म्हणजे जीव, अंग सोडून भटकतो असं मानतात. मग घरातलं वडीलधारं माणूस खांबांवरच्या झोपडीच्या शिडीच्या तोंडाशी बसून भातवाढीने पायरी ठोकतं, क्लाला हाका मारतं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतं.

नदीपलीकडच्या गावात आजोबांनी मला कोरलं. पुढे ते वारले आणि गावात सैनिक शिरले. आजीने, तिला सगळे फी म्हणतात, मला कमरेला खोचलं. तिच्या लेकीने, दापॉने, तान्ह्या तामलाला छातीशी बांधलं. जंगलात लपलो असताना तामला रडू लागली, की दापॉ तिच्या तोंडावर हात ठेवी. त्या हातामुळेच आम्ही वाचलो.

सीमेवरची नदी ओलांडून निर्वासितांच्या छावणीत आलो, बांबूची झोपडी उभी राहिली. पण तो हात काही खाली येईना. तामला हसली, की "शूऽ!" भांडं पडलं, की "शूऽ!" पोर तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही.

"किती गुणी पोर!" शेजारणी म्हणत. "नाहीतर आमची, नुसती कावकाव!"

दापॉला बरं वाटे. मला मात्र या कौतुकाचा राग येई.

"हिचा क्ला पलीकडेच राहिलाय," असं म्हणत फी मला पायरीवर आपटी. मीही जीव तोडून वाजे. तामला नुसती टकमक बघे.

एकदा फी मला अशीच आपटत असताना बालवाडीच्या बाई, थरामू एक्लू, घरी आल्या. मला वाटलं, आता या नाक मुरडणार. पण त्या पायरीवरच बसल्या.

"फी, हाका तुम्हीच मारता. हिला कधी मारू देता?"

"हिला? अहो बाई, हे थोरांचं काम!"

"थोडं धाकट्यांनाही करू द्या की. हिचे कान ठणठणीत आहेत, तपासलेत. हिच्याशी बोला, खेळा. आणि दापॉ, तू ते शू-शू सोड बघू."

दापॉ उसळली. "तुम्ही नव्हता त्या जंगलात! हिने आवाज केला असता, तर आज आम्ही कुणीच नसतो."

"नव्हते," थरामू हळूच म्हणाल्या. "तेव्हा तू केलंस ते बरोबरच केलंस गं. पण इथे आता ऐकायला आपणच तर आहोत."

फीने कुरकुरत मला तामलाच्या हातात दिलं. पोरीने आधी मला चाटलं, मग धाडकन पायरीवर हाणलं. दापॉचा हात सवयीने वर आला. तिने तो ओढून स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरला. मित्रांनो, तिला ते किती जड गेलं, हे मी जवळून पाहिलंय.

मग रोज भात शिजताना दापॉ लेकीशी बोलू लागली. हे पाणी, ही मिरची, हे तुझं नाक. पाऊस सुरू होईतो तामला "पाणी" म्हणायला लागली. फीने अख्ख्या गल्लीला सांगितलं. मग हळूहळू शब्दाला शब्द जुळू लागले.

दोरे बांधायचा सण आला. फी शिडीशी बसली, तर तामलाने मला तिच्या हातून हिसकावलं आणि नदीकडे तोंड करून पायरी ठोकली.

"आई, ये! ये ना!"

"अगं वेडे, मी इथेच आहे," मागून दापॉ म्हणाली.

तामलाने वळूनही पाहिलं नाही. आणखी जोराने ठोकत ती ओरडली, "आईच्या क्ला, घरी ये!"

फीने पांढरा दोरा काढला आणि दापॉच्या मनगटाला बांधला. तेव्हा दापॉ रडली, मोठ्याने, हुंदके देऊन. तिला कुणीही गप्प केलं नाही.

मित्रांनो, घरातलं मूल दंगा करत असेल तर जरा सोसा. आणि कुठे फारच गप्प मूल दिसलं, तर 'गुणी' म्हणून पुढे निघून जाऊ नका. त्याच्यापाशी बसा, त्याच्या आईपाशीही बसा. उत्तर यायला वेळ लागेल, तरी बोलत राहा.