गनीने बांधलेला गळ

"गळाला काय लावणार, बेडूक की मासा?" गनीने विचारलं.

"अजून ठरवलं नाय," हैबती म्हणाला.

"मंग गळ कशाला मागतोस? नवरी ठरायच्या आधी मांडव घालतोस काय?"

"माझी नवरी ठरून चाळीस वर्षं झाली. तिच्यापायीच आलोय."

महाडच्या बाजारात गनीचं दुकान शोधावं लागतं. एका बाजूला भांड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाइलचं, आणि त्या दोघांनी श्वास घ्यायला मध्ये जागा सोडावी तेवढा गनी. आत एक स्टूल, गळांचे डबे, तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची रिळं, शिशाच्या गोळ्या, बुचं. गिऱ्हाईक बाहेर उभं. इतकी वर्षं झाली, पण तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय त्याने कुणाच्या हातात गळ ठेवला नव्हता. मासा कुठला? पाणी कुठलं? आणि खायला की दाखवायला? शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे चकचकीत काठ्यावाले तिसऱ्या प्रश्नाला हसायचे. त्यांना तो सगळ्यात बारीक गळ द्यायचा. त्यांचाही वेळ जायचा आणि नदीचंही काही जायचं नाही.

"मरळ पायजे," हैबती म्हणाला. "रंगूची पिशवी काढली ना गेल्या म्हयन्यात. टाके भरतायत, पण अंगात काय नाय. दोन पावलं चालली की भिताड धरते. मरळीचा रस्सा पोटात गेला की जखम धरते, असं तिची आईस बोलायची."

"बाजारात पिंपात जिवंत मिळते की."

"आणली एकदा. बोलली, ही मरळ पिंपात वाढली, पिंपात मेली, ही मना काय ताकद देणार?"

गनी हसला. "वयनीचं डोकं शाबूत हाय म्हंजे. पाणी कुठलं?"

"पोलादपूरच्या खालचा डोह. झुडपांच्या जाळीतला. पुरानंतर मशिनी लावून गाळ काढला, तेव्हा बाकीचे डोह सपाट झाले. ह्यो एकच राह्यला."

"जाळी हाय तर मासा नको लावूस, अडकंल. बेडूक लाव. मांडीतून गळ घाल, हाड सोडून. पोटातून घातलास तर मरतो, आणि मेलेला बेडूक मरळ बघत पण नाय. शिसं नको. वर तरंगला पायजे, हातपाय मारला पायजे."

"मना शिकवतोस? मी काय काल गळ धरला?"

"धरलास तू. बांधला कोणी?"

बत्तीस वर्षं हैबतीने आंबेनळी घाटात मैलकुली म्हणून काढली. पावसाळ्यात दरडी उपसल्या, उन्हाळ्यात खड्डे बुजवले, दोनदा विंचू चावला, आणि एकदा बढतीची ऑर्डर आली ती दुसऱ्याच हैबतीची निघाली. या सगळ्यातून त्याच्या खाती शिल्लक राहिलं ते रविवारचं मासे धरणं. तेसुद्धा निम्मं. कारण गाठ कायम गनीची.

नुसता हैबतीच नव्हे. बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत जो कोणी मोठ्या माशाच्या मागे लागतो, तो गळ गनीकडूनच बांधून नेतो. तंगूस गुळगुळीत असतो, साधी गाठ त्यात टिकत नाही. विटेकरी विटा पाडतात आणि न्हावी दाढी करतो तशी गळाची गाठ गनीने मारायची, हे कुणी कधी ठरवलं नाही, पण मोडलंही नाही.

गनीने डब्यात हात घातला. गळ डोळ्यांनी न निवडता त्याने तो अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिला. टोक नखाला लागलं, थांबलं. चांगला. तंगूस भोकातून ओवायला त्याला तीन खेपा लागल्या. हैबती तोवर भांड्यांच्या दुकानाकडे बघत राहिला. काही गोष्टी न बघण्याइतकी त्याची मैत्री जुनी होती.

पाच वेढे, टोक मागे, फासातून बाहेर. मग गनीने सवयीने गाठ तोंडाकडे नेली आणि ओठांपाशी थांबवली.

"रोजा," तो म्हणाला.

एरवी गाठ आवळण्याआधी तो ती तोंडात धरायचा. कोरडी आवळली तर तंगूस घासून जळतो, म्हणून थुंकी. असं तो सांगायचा आणि असंच सगळे समजायचे. रमजानात स्टुलाखाली पाण्याची वाटी असायची. त्याने गाठ वाटीत बुडवली, बोटांत फिरवली, आवळली. दोन्ही हातांनी ताणून पाहिली. बसली. बसल्यासारखी वाटली.

"घे. ह्याला मगर लागली तरी येईल."

"मगर तुमची महाडवाल्यांची. आमच्याकडं मरळच बरी," हैबती म्हणाला आणि एसटी गाठायला निघाला.

संध्याकाळी रोजा सोडून गनी भिंतीला टेकला, तेव्हा बायकोने, सलमाने, खजुराची ताटली उचलता उचलता रोजचा विषय काढला. इम्रानचा कुवेतहून फोन आला होता. अब्बांना घरी बसव, म्हणत होता. पनवेलच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हा मोतीबिंदू नाही, साखरेने डोळ्याचा आतला पडदा खाल्लाय. तो परत येत नाही.

"दुकानात बसा, बसू नका, मी काय बोलत नाय," सलमा म्हणाली. "पण ते बांधणं सोडा. लोक भरवशावर नेतात. कुणाचं नुकसान झालं तर?"

"आजपर्यंत एक गाठ सुटली काय?"

"सुटंल त्या दिवशी?"

"सुटंल त्या दिवशी बांधणं बंद. तुला जबान देतो. झालं?"

सलमाने मान हलवली. तिच्या नवऱ्याने आयुष्यात बढाया भरपूर मारल्या होत्या, पण जबान मोजून चार-पाच वेळा दिली होती, आणि त्या सगळ्या तिला पाठ होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी हैबती आला. ऊन असं की बाजारातली कुत्रीसुद्धा गटारावरच्या फरशीखाली शिरलेली. गनी स्टुलावर पेंगत होता. रोज्याची दुपार तशी लांबच असते. साखरवाल्याला जास्त लांब.

"बांध अजून एक," हैबती म्हणाला आणि गुंडाळलेला तंगूस फळीवर ठेवला.

"पहिला कुठं गेला?"

"वाम लागली रे. तुला ठाव हाय तिचे दात. चावून तोडला आणि गेली."

"वाम? बेडकाला? वरच्या पाण्यात?"

"आता लागली त्याला मी काय करू? तिला विचारलं नाय मी, बाई तू इकडं कशी म्हणून."

"आणि मरळ?"

"हाय की. जात्येय कुठं? परवा सकाळी बसतो परत. तू बांध."

गनीने गुंडाळी जवळ ओढली. तंगुसाचं टोक शोधून बोटांत धरलं. बोटांना काही नीट कळेना, म्हणून खालच्या ओठावरून ओढलं. ओठ बाहेरचा, त्याने रोजा मोडत नाही. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग त्याचा हात मांडीवर आला आणि तिथेच राहिला.

तंगूस कसा गेला हे त्याचं टोक सांगतं. माशाने चावला तर ते कुरतडलेलं असतं. ताणून तुटला तर बारीक होत गेलेलं असतं. आणि गाठ सुटून निसटला तर काकडीच्या वेलाला फुटतात तशी बारीक वेटोळी वळून बसतात, सरळ करू म्हटलं तरी होत नाहीत. हे टोक यातलं काहीच नव्हतं. ते सपाट होतं.

"हैबती."

"काय रे?"

"खोटं बोलायचं होतं तर दातानं तोडायचास. विळ्यानं कापलंस."

हैबतीने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. मोबाइलवाल्याकडे कुठलं तरी हिंदी गाणं अर्धवट लागलं आणि बंद पडलं.

"वळलं होतं टोक?" गनीने विचारलं.

"वळलं होतं."

"किती होती?"

"असू दे ना आता."

"किती होती सांग."

हैबतीने दंडाच्या मध्यापासून पंजापर्यंत हात दाखवला. मग गनीला तो दिसणार नाही हे लक्षात येऊन त्याने गनीचाच हात धरला आणि त्याच्या दंडाच्या मध्यावर बोट टेकवलं. तिथून पंजापर्यंत.

"काठाला आणली होती," तो म्हणाला. "माझी चप्पल पाण्यात. हात घालणार तेवढ्यात दोरी हलकी झाली. ती तिथंच होती रे. क्षणभर तिला पण कळलं नाय सुटली म्हणून. मंग गेली."

"वयनीला काय सांगितलंस?"

"वाम बोललो."

"तिला पटलं?"

"ती बोलली, गनीभावजींना नको सांगू. जीवाला लावून घेतील."

गनीचे ओठ कोरडे होते, आणि ते ओले करायची सोय नव्हती.

"रोज्यानं झालं," हैबती म्हणाला. "तुझी गाठ तोंडात गेल्याबिगर बसत नाय, एवढंच. ईद आलीच की. तवर मी साध्या माशांवर भागवतो. रंगू काय पळून जात्येय?"

"माझ्या पण तेच डोक्यात आलं आत्ता," गनी म्हणाला. "म्हंजे बघ, मी बोलत होतो थुंकी लावतो. थुंकी नव्हती रे ती. जीभ बघत होती. कुठला वेढा कुठल्यावर चढलाय, ते जीभ सांगायची. बोटं कधीच गेली होती. आणि ते मला कुणी सांगितलं नाय, बोटांनी पण नाय."

"मंग जिभेनं बांध! गिऱ्हाईकाला काय फरक पडतो?"

"तुझी मरळ गेली, तो फरक नाय?"

"माझं जाऊ दे."

"तुझं कसं जाऊ दे? अजून कोणाकोणाची टोकं विळ्यानं कापून झालीत, मला काय ठाव? तू एकटाच माझा दोस्त हाय काय?"

याचा विचार हैबतीने केला नव्हता.

गनीने डबा उघडला. गळ काढला, नखावर ओढला, हैबतीच्या पुढ्यात ठेवला. तंगुसाचं रीळ ठेवलं.

"बांध."

"मी?"

"मग काय रंगूवयनी येणार? ओव."

बत्तीस वर्षं पहार धरलेले हात. त्या हातांनी एवढासा गळ धरायचा म्हणजे रेड्याने सुई ओवण्यातला प्रकार. हैबतीच्या कपाळावर घाम आला. पहिल्या गाठीत त्याने चारच वेढे घेतले. गनीने गळ खिळ्याला अडकवून ओढला, गाठ निघाली. दुसऱ्या वेळी टोक चुकीच्या फासातून गेलं. तीही निघाली.

"चाळीस वर्षं बघतोयस ना रे मला बांधताना?"

"बघत कुठं होतो? तुझ्याशी बोलत होतो."

"आता तोंड बंद ठेव. म्हंजे उघड. गाठ आत घाल. जिभेवर धर. वेढे लागतायत? एकावर एक चढलाय का कुठं?"

हैबती तोंडात तंगूस धरून "हं" म्हणाला. डोळे मिटले. बराच वेळ चाचपत राहिला.

"तिसरा चढलाय," तो शेवटी म्हणाला.

"सोड. परत घे."

चौथ्या खेपेला गाठ बसली. गनीने खिळ्याला लावून अंगाचा भार टाकला, स्टुलावरून उठून टाकला. फळी करकरली. गाठ तिथेच.

"जा. परवा नाय, उद्याच बस. पहाटे. बेडूक मांडीतून."

"तुझं काय?"

"माझं काय? दुकान हाय. गळ हायत. सांगायला तोंड हाय. येईल त्याला सांगीन, बांध माझ्यासमोर. नाय जमलं तर जा, मासळी बाजार उघडा हाय."

"भाभीला सांगणार?"

"सांगायला लागंल. जबान दिलीय."

हैबतीने गळ कागदात गुंडाळून खिशात ठेवला. निघायचं सोडून तो तिथेच उभा राहिला. गनी फळीखाली काहीतरी शोधत होता. शेवटी त्याच्या हाताला काळ्या ऑइलपेंटचा अर्धा वाळलेला डबा लागला. त्याने काडीने वरची साय फोडली, चिंधीचा बोळा केला, आणि स्टूल उचलून बाहेर रस्त्यावर आणलं.

"धर जरा," तो म्हणाला आणि वर चढला.

दुकानाच्या कपाळावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती. गळ बांधून मिळतील. रंगवणाऱ्याने अक्षरं मोठी काढली होती, पण गनीच्या डोळ्यांना तो नुसता पांढरट पट्टा होता.

"मधला शब्द कुठून सुरू होतो रे?" त्याने विचारलं.

हैबतीने एका हाताने स्टूल घट्ट धरलं. दुसरा हात वर केला, गनीचं रंगाने माखलेलं बोट धरलं, आणि अलगद नेऊन त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं.