अलास्काला कोण कोण येतंय

एप्रिलमध्ये कुशचा फोन आला. "बाबा, ऑगस्टच्या एंडला माझ्याबरोबर अलास्काला येशील? जस्ट यू अँड मी." श्रीराम "हो, हो, का नाही!" म्हणाला, आणि फोन ठेवल्यापासून त्याला घरात एका जागी बसवेना.

कुश त्याचा एकुलता एक मुलगा, एकतीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी मेडिकल स्कूल अर्धवट सोडून तो अडीच तासांवरच्या डुलुथ गावी गेला आणि लाकडी होड्या बांधायला लागला. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर श्रीराम त्याला जे बोलला, ते कुशच्या आईने, दीपाने, अजून माफ केलं नव्हतं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे कसा आहेस, बरा आहे, आईला देतो. आणि आता हाच मुलगा म्हणत होता, आठ दिवस! तो कॅरिबू हरणाची शिकार करणार, बाबांनी नदीवर मासे पकडायचे, मग दोघांनी डेनालीचा डोंगर बघायचा. राहायला तंबू, तोही एकच.

आनंद झाला नाही असं कसं म्हणावं? झालाच. पण त्याच्या पाठोपाठ भीती आली. मासा गळाला लागेपर्यंत तासन्‌तास नदीत उभं राहायचं, शेजारी मुलगा, आणि बोलायचं काय? शहराबाहेरच्या ईडन प्रेरीतल्या आपल्या घरात श्रीराम बेसमेंटमधून डेकवर आणि डेकवरून गॅरेजमध्ये येरझारा घालू लागला. एक रेनकोट आणला, परत केला, दुसरा आणला. अस्वल आलं तर काय करायचं याचे व्हिडिओ तर त्याने पाठच केले.

"अरे, बस की जरा!" दीपा वैतागून म्हणाली. "अस्वल काय तुला शोधत इथपर्यंत येणार आहे?"

अशात एका शनिवारी तळ्याभोवती फिरताना त्याने सुमंतला, म्हणजे आपल्या पंचवीस वर्षांपासूनच्या मित्राला, ट्रिपबद्दल सांगितलं. "अरे वा! आम्ही नवराबायको पण येतो यार," सुमंत म्हणाला. "नीलांबरीला ग्लेशियर बघायचंच आहे." नको म्हणायला श्रीरामने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "या की!" खरं सांगायचं तर त्याचा जीव भांड्यात पडला. सुमंत असला की दुसऱ्या कुणाला बोलायची गरजच नसते. तो माणूस झोपेतही बोलतो.

पण म्हणतात ना, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. सुमंतने मित्रमंडळींतल्या रवींद्रला सांगितलं, रवींद्रच्या बायकोने, शुभाने, आपल्या बहिणीला, आणि जून संपेपर्यंत अकरा डोकी झाली. 'अलास्का कट्टा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. तंबू गेला, हॉटेल आलं. ऐन श्रावणात शिकार कसली करता, म्हणून तीही कॅन्सल केली. मासेमारी उरली अर्ध्या दिवसाची, फोटोपुरती, तीही मासा परत पाण्यात सोडायच्या अटीवर.

प्रत्येक बदल श्रीराम इमानेइतबारे कुशला कळवत होता. "सुमंतकाका येतायत, चालेल ना?" "शुअर." "शिकार नको म्हणतायत सगळे, चालेल ना?" यावर पलीकडची करवत थांबली. मग, "इट्स फाइन, बाबा." फाइन म्हणजे फाइन, अशी श्रीरामने स्वतःची समजूत घातली. येरझारा मात्र थांबल्या नाहीत.

जुलैतल्या एका रविवारी सगळे श्रीरामकडे जमले. कुशही आला. कितीतरी महिन्यांनी त्याने घरात पाऊल टाकलं होतं. दीपाने थालीपीठं लावली होती आणि विमानात राइस कुकर नेऊ देतात की नाही यावर रणधुमाळी चालली होती. कुश कोपऱ्यात ताटली घेऊन ऐकत होता.

"कुश, ती मोठी व्हॅन तू ड्राइव्ह करशील ना?" रवींद्रने विचारलं. "आम्हाला नाही बाबा झेपणार. आम्ही मागे अंताक्षरी खेळू."

"शुअर, काका."

त्याने ताटली ठेवली, आईच्या खांद्यावर हात ठेवून "लाँग ड्राइव्ह आहे, निघतो," म्हणाला आणि बाहेर पडला. जाताना श्रीरामला त्याचा चेहरा दिसला. काहीतरी बोलायला आलेला आणि न बोलताच उठलेला तो चेहरा बघून श्रीरामने हातातली ताटली टेबलावर टाकली. तो तसाच मागे धावला.

कुश आपल्या पिकअप ट्रकचं दार उघडत होता.

"चिडलास?"

"नो." मग तो वळला. "बाबा, तुला यायचं नव्हतं तर नो म्हणायचंस ना."

"यायचं होतं रे! फार यायचं होतं." श्रीरामला धाप लागली होती. "पण आपण दोघंच, आठ दिवस... बोलायचं काय, याची भीती वाटली मला. म्हणून माणसं गोळा करत बसलो."

कुशने उघडलेलं दार पुन्हा लोटलं. "आय वॉज स्केअर्ड टू," तो म्हणाला. "तरी मी विचारलं ना?"

तेवढ्यात दारातून सुमंत ओरडला, "अरे ये लवकर! ग्लेशियर का व्हेल, व्होटिंग चाललंय!"

"तुम्ही ठरवा," श्रीराम तिथूनच ओरडला. "मी नाही येत तुमच्याबरोबर!"

"अरे, पण ट्रिप तुझी ना?"

श्रीराम ट्रकला वळसा घालून गेला, पलीकडचं दार उघडलं आणि आत बसला. पायात घरातल्या सपाता.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"डुलुथपर्यंत अडीच तास आहेत ना? आधी अडीच तास जमतात का बघू."

"आणि परत कसा येशील?"

"बसने येईन. चल तू."

कुशने ट्रक काढला. दारात दीपा उभी होती, तिने पदराला हात पुसले. शहर मागे पडलं, हायवेच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेतं लागली, तरी दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. श्रीरामचे गुडघे हलत होते. शेवटी कुशचा हात सवयीने रेडिओकडे गेला.

"राहू दे बंद," श्रीराम म्हणाला. "त्या होड्या कशा बांधतोस, सांग."