वल्ह्याची गॅरंटी

मिलिट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले केरबा गावच्या पूर समितीचे अध्यक्ष. गावाच्या होडीचं मोडकं वल्हं त्यांनी सांगलीतल्या दुकानाच्या काउंटरवर आपटलं आणि नव्याचा भाव ऐकून त्यांचं डोकंच फिरलं.

"अठराशे? गेल्या साली बाराशेला नेलं हुतं! पुरात माणसं वाचवताना मोडलंय हे. गॅरंटी हाय का न्हाई? लुटायला बसलाय व्हय रं?"

दुकानदार कुणालनं शांतपणे वल्हं उचललं, पातं निरखलं, मग नाकाशी धरलं. पातं हळदीनं पिवळंजर्द झालं होतं.

"मामा, दोन वर्षं पूर कुठं आलाय? आन् नदीला लसणीचा वास कवापासनं यायला लागला?"

केरबांनी मिशीवरून हात फिरवला. "गेल्या यात्रेला हजार पान उठलं. एवढी आमटीची काहील काय चमच्यानं ढवळायची?"

"गॅरंटी पाण्याची हाय मामा, आमटीची न्हाई."

केरबांनी चडफडत अठराशे मोजले. कुणालनं नवं वल्हं पुढं केलं, तसे ते पुन्हा भडकले.

"हे नगं! लांब दांड्याचं काढ. औंदाची काहील लय खोल हाय."