खोडलेले दोन गुण

मी कपडे शिवते. कुणी नवा कपडा दाखवायला आणला की आधी तो उलटा करून बघते आणि मगच कौतुक करायचं की नाही ते ठरवते. लोकांना राग येतो. येऊ दे. पुढून झकपक आणि आतून लोंबते धागे, असलं काम करणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत असं माझं पंचवीस वर्षांचं मत आहे. आणि त्याच मी 'काळी दरी'ला दहापैकी दहा दिले! आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

'काळी दरी' ही आमच्या पार्कातली नवी राइड. आमच्या म्हणजे पार्क काही आमच्या बापजाद्यांचा नाही. पण आमचा सात जणांचा गट अठरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जातो, त्यामुळे तिथल्या प्रत्येक नटबोल्टवर आपला हक्क आहे असं आम्हाला वाटतं. हा गट काढला माझ्या थोरल्या बहिणीनं. ताई शाळेत गणित शिकवायची, म्हणून गटाला पहिल्या दिवसापासून नियम. राइडवरून उतरलं की कुणी कुणाशी बोलायचं नाही. आधी कार्ड घ्यायचं, पुढे गुण लिहायचे, मागे शेरा. नाव घालायचं नाही, लिहिलेलं बदलायचं नाही. तिथला एखादा अनोळखी माणूस उतरला आणि म्हणाला मलाही द्या, तर त्यालाही कार्ड. मग ताई सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुणांचं कार्ड खोडणार आणि उरलेल्यांची सरासरी काढणार.

"एक आंधळा भक्त आणि एक जळकुकडा, दोघांनाही बाहेर ठेवायचं," असं ती म्हणायची. खोडलेल्या कार्डाचा शेरासुद्धा वाचायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ती व्हीलचेअरवर आली. पलंगावरून खुर्चीत तिला मी रोज घेते, पण डुलत्या होडीत किंवा हलत्या डब्यात ते जमत नाही. तेव्हापासून आम्ही किंचाळून येतो आणि ताई खाली बाकाजवळ थांबून कार्डं वाटते. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांचे गुण मोजले, स्वतःचं कार्ड एकदाही भरलं नाही. फक्त कधीतरी विचारायची, "त्या शेवटच्या वळणावर अजून पोटात गोळा येतो का गं?"

आणि मग पार्कानं जाहीर केलं की काळ्या दरीच्या होडीत खुर्चीसकट बसता येणार. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी आमच्या गटाला खास बोलावणं आलं. ताईनं मला नवं जाकीट शिवायला लावलं, चाकात अडकू नये म्हणून बाजूंनी आखूड, आणि पुढे पेन्सिलीसाठी खिसा. तीन दिवस आधीपासून ते खुंटीला टांगून ठेवलं होतं.

राइडची डिझायनर स्वतः आली होती. तिशीची पोर, डोक्यावर हेल्मेट, हातात वॉकीटॉकी, सगळ्यांना मावशी-काका म्हणत होती. तिनं ताईची खुर्ची फळीवरून होडीच्या शेपटाला चढवली आणि चार हुकांनी पक्की केली. तोंड मागे.

"खुर्ची उलटीच बसते, मावशी. सुरक्षेसाठी."

"बसतेय हे काय कमी आहे?" ताई म्हणाली. लहान पोरीसारखी हसत होती.

मी अर्थातच पहिल्या रांगेत. खांद्यावर दांडा आला, होडी अंधारात शिरली आणि पुढची सात मिनिटं मी माझं वय विसरले. कड्यातून डोकं काढणारा राक्षस, डोळ्यांत अंगार, विजा, अंगावर कोसळतोय असा वाटणारा धबधबा. मी घसा बसेपर्यंत ओरडले. मागे वळून ताईला एकदा हाकसुद्धा मारली नाही.

उतरल्यावर नियमाप्रमाणे सगळे मुके. कार्डं भरून झाली, ताईनं गोळा केली आणि वाचायला लागली. नऊ. नऊ. दहा. माझी मान ताठ झाली. नऊ, नऊ, पुन्हा नऊ. शेवटचं कार्ड तिनं जरा वेळ धरून ठेवलं.

"दोन."

एकच गिल्ला झाला. आमच्यातला दातांचा डॉक्टर प्रत्येक राइडची वेळ घड्याळ लावून मोजतो, म्हणून आम्ही त्याला स्टॉपवॉच म्हणतो. तो म्हणाला, "कुणीतरी झोपलं होतं वाटतं." आणि मी, सगळ्यांत मोठ्यानं, "लिहिणाऱ्याचे डोळे पाठीला होते का?" सगळे खो खो हसले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी ती उपटूनच काढायला हवी होती.

ताईनं मान वर केली नाही. पेन्सिलीनं दहावर एक रेघ ओढली, दोनावर एक. "सरासरी नऊ," ती म्हणाली. डिझायनरनं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, हा आकडा दारावर लावू का? आम्ही हो म्हणालो.

घरी आल्यावर ताईनं जाकीट काढून घडी घातली. "शनिवारी उद्घाटनाला तू जा. मी येत नाही. आणि कार्डांचा डबा स्टॉपवॉचकडे देऊन टाक. आता त्यानं सांभाळावं."

मला वाटलं दमली असेल. डबा बांधायला घेतला तर दोन गुणांचं कार्ड सगळ्यात वर होतं. सवयीनं मी ते उलटं केलं. मागे ताईचं रेखीव, फळ्यावरचं अक्षर.

'पुढचे ओरडत होते तेव्हा मला दिसलं ते: उघडं प्लायवूड, त्यावर दुकानाचा शिक्का. राक्षसाच्या डोक्याला मागून भोक, आत बल्ब. पिवळ्या केबलची वेटोळी. एक झाडू, एक बादली. धबधब्याच्या पाठीवर लाल अक्षरांत: इथे रंग नको. सगळा वेळ हेच.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंग राहून गेला असता तर मी समजून घेतलं असतं. पण इथे कुणीतरी ब्रश घेऊन, चांगलं वळणदार लिहून ठेवलं होतं की इथे रंग नको. म्हणजे विचार झाला होता. इथून कोण बघणार, हा प्रश्न कुणाला तरी पडला होता आणि कुणी नाही असं उत्तर मिळालं होतं.

"बोलली का नाहीस?" मी ताईवरच ओरडले.

"नियम आहे. शिवाय तू बोललीस की."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. "मी माझे दहा मागे घेते."

"तुझे दहा तसेही खोडलेत. गप्प बस." मग तिचा आवाज बदलला. "गुणांचं मरू दे गं. अकरा वर्षं वाट बघितली मी. आणि मला अडगळीच्या खोलीतून फिरवून आणलं. वर तुम्ही सगळे म्हणताय, काय मजा आली!"

ती रडली नाही. मी रडले, रागानं.

"शनिवारी तू येणार आहेस," मी म्हटलं. "नाहीतर मी एकटी जाऊन तिथे तमाशा करीन."

"तो तू तशीही करशील."

"मग बघायला तरी ये."

शनिवारी सकाळी दारावर माणसाच्या उंचीचा बोर्ड होता: 'सगळ्यांसाठी! चाहत्यांचा कौल, दहापैकी नऊ'. गटातले सगळे त्याच्यापुढे फोटो काढत होते. मी ताईची खुर्ची ढकलत थेट डिझायनरपुढे नेली आणि कार्ड तिच्या हातात दिलं, उलटं करून.

तिनं वाचलं. तिचा चेहरा पडला, पण तोंडपाठ उत्तर तयार होतं. "मावशी, नजरेच्या टप्प्यात येतं तेवढंच सजवायचं, असं आमचं ठरलेलं माप असतं. ती जागा शंभरात दोन माणसं वापरतात."

"त्या दोघांना काय नजर नसते?" मी म्हटलं. "का त्यांनी डोळे मिटून बसायचं? दारावर मोठ्या अक्षरांत लिहिता, सगळ्यांसाठी. सगळ्यांत ही नाही? माझ्याकडे कुणी असा ब्लाउज शिवून मागितला ना, पुढे जरतार आणि पाठीला गोणपाट, तर मी कापड तोंडावर फेकीन!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. स्टॉपवॉच माझी बाही ओढत होता. मी त्याचा हात झटकला.

"तू बसलीयेस का त्या जागेवर?" मी तिला विचारलं. "एकदा तरी?"

ती म्हणाली, "तिथे खुर्चीशिवाय बसता येत नाही. हुक लागत नाहीत."

"माझी घे," ताई म्हणाली.

मी आणि डिझायनरनं मिळून ताईला बाकावर घेतलं, एक हात काखेत, एक गुडघ्यांखाली, रोजच्यासारखं. डिझायनर ताईच्या खुर्चीत बसली. हेल्मेट कुठे ठेवावं तिला कळेना, शेवटी मांडीवर ठेवलं. हुक लागले, पुढच्या रांगांत लोक बसले आणि होडी आत गेली. आमच्याकडे तोंड करून, उलटी अंधारात शिरणारी ती एकटीच होती.

सात मिनिटं ताई बाकावर बसून होती, खुर्चीशिवाय. चारचौघांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. ती जाकिटाच्या खिशातली पेन्सिल काढत होती, परत ठेवत होती. आतून पुढच्या लोकांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, आणि प्रत्येक किंकाळीला माझा संताप वाढत होता, कारण त्यातली एक आठवड्यापूर्वी माझी होती.

होडी बाहेर आली. डिझायनरनं तोंड उघडलं तशी ताईनं हात वर केला, वर्गात करायची तसा. "बोलायचं नाही. आधी लिहायचं." आणि कोरं कार्ड पुढे केलं.

मांडीवरच्या हेल्मेटवर कार्ड ठेवून ती लिहायला लागली. पुढे पटकन काहीतरी लिहिलं, मागे बराच वेळ. मग कार्ड ताईला दिलं.

"एक," ताईनं वाचलं.

कुणी हसलं नाही.

ताईनं माझ्याकडून डबा मागून घेतला आणि आठवड्यापूर्वीची सातही कार्डं बाकावर मांडली. आठवं त्यांच्या शेजारी ठेवलं. "सगळ्यात जास्त, दहा. ते खोडलेलंच आहे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सगळ्यात कमी, एक." तिनं डिझायनरच्या आकड्यावर सरळ रेघ ओढली. मग खिशातून रबर काढलं आणि स्वतःच्या दोनावरची रेघ पुसायला लागली. हळूहळू, आकडा पुसट होऊ न देता.

"म्हणजे आता माझे दोन धरायचे," ती म्हणाली. "पाच वेळा नऊ आणि दोन, सत्तेचाळीस. भागिले सहा. सात पूर्णांक आठ. बरोबर का, स्टॉपवॉच?"

"बरोबर," तो म्हणाला.

डिझायनर खुर्ची घेऊन आली. ताईला खुर्चीत घेताना तिनं एका बाजूनं हात लावला, दुसऱ्या बाजूनं मी. मग ती दाराशी गेली आणि त्या बोर्डावरचा नऊ नखांनी खरवडून काढायला लागली. चिकटवलेला होता, तुकड्यातुकड्यानं निघत होता.

"सगळा रंग होईपर्यंत आकडा हाच," ताई तिच्या पाठीला ऐकू जाईल असं म्हणाली. "झाला की बोलाव. नवं कार्ड भरीन."

मी डबा बंद करून स्टॉपवॉचच्या हातात द्यायला गेले. ठरल्याप्रमाणे.

"इकडे आण तो," ताई म्हणाली. "त्याच्याकडे कशाला?"